गणपुल्यांचा शेवटचा हात

“एका गल्लीतली घरं डोळ्यांपुढे आणा. बघा, गल्लीतला प्रत्येक माणूस कुठल्या तरी घरात राहतो, आणि कोणीही एकदम दोन घरांत राहत नाही. आता प्रत्येक घरातून एकेका माणसाला ओट्यावर बोलवा...”

मुल्लांनी एवढं वाचलं आणि समोरच्या कागदावरून मान वर न करताच मी ओळखलं. हे मगदूमबाईंचं.

पन्हाळ्यावरच्या एका शाळेच्या वसतिगृहात आम्ही बसलो होतो. दिवाळीची सुट्टी लागून मुलं घरी गेली की चार-पाच दिवस ते वसतिगृह आम्हाला मिळायचं. एक फळा, एक लांब टेबल आणि पाच माणसं. साल अठ्ठ्याहत्तर. आम्हा पाचांचं मिळून एक नाव होतं, प्रा. ना. अ. गणपुले. त्या नावाची तीन पुस्तकं बाजारात होती आणि महाराष्ट्रातल्या बऱ्याच महाविद्यालयांत ती वाचली जात होती. गणपुले कोण, कुठले, हे कोणालाच माहीत नव्हतं. आद्याक्षरं बेळगावच्या इनामदारांनी शोधली होती. ना. अ. म्हणजे ‘नाही अस्तित्वात’. एकदा पुण्याच्या एका संस्थेने गणपुल्यांना व्याख्यानाला बोलावलं, तेव्हा इनामदारांनी गणपुल्यांच्या वतीने कळवलं की डॉक्टरांनी जिने चढायची मनाई केली आहे. संस्थेने उलट टपाली कळवलं, सभागृह तळमजल्यावर आहे. त्यावर काय उत्तर द्यायचं यावर आम्ही अख्खी एक संध्याकाळ हसत होतो.

ही सगळी कल्पना हेर्लेकर सरांची. फ्रान्समधल्या काही तरुण गणितज्ञांनी एका खोट्या नावाखाली एकत्र येऊन सगळं आधुनिक गणित पायापासून पुन्हा लिहून काढलं, आणि लिहिताना एकमेकांच्या लिखाणाच्या चिंध्या केल्या, हे सरांनी वाचलं होतं. “आपण मराठीत करू,” ते म्हणाले, आणि करायला लागले. मी तेव्हा नुकतीच सांगलीत अधिव्याख्याती झाले होते. कोल्हापूरला मी सरांची विद्यार्थिनी होते. त्यांनी पहिलं बोलावणं मला केलं, मुल्ला आणि इनामदार मागाहून आले. हे मी अजूनही लोकांना सांगते.

नियमही सरांचेच. प्रत्येकाने आपला मसुदा मिरजेला मुल्लांकडे पाठवायचा. मुल्ला सगळे मसुदे एकाच टंकलेखकाकडून टंकून घ्यायचे, म्हणजे अक्षर ओळखू येणार नाही. बैठकीत मुल्लाच वाचणार. बाकीच्यांनी झोडपायचं, आणि मत घेऊन होईपर्यंत लिहिणाऱ्याने आपण लिहिल्याचं सांगायचं नाही. एकाचाही विरोध असेल तर मसुदा नामंजूर. आणि पन्नाशी गाठली की मंडळातून बाहेर. म्हातारी माणसं शहाणी होतात आणि शहाणी माणसं भांडत नाहीत, असं सर म्हणायचे.

त्या डिसेंबरात सर पन्नास वर्षांचे होणार होते. म्हणजे ही त्यांची शेवटची बैठक.

मंजूर झालेले सगळे मसुदे एकहाती पुन्हा लिहावे लागत. पाच जणांचं लिखाण एकाच माणसाचं वाटलं पाहिजे, त्यासाठी. याला आम्ही ‘शेवटचा हात’ म्हणायचो. आजवर तो हात सरांचा होता. आता तो कोणाकडे जाणार हे याच बैठकीत ठरायचं होतं. वर्षभरापूर्वी हा प्रश्न कोणी विचारला असता तर मुल्ला आणि इनामदार दोघांनीही माझ्याकडे बोट दाखवलं असतं. मलाही दुसरं काही सुचलं नसतं.

मग मे महिन्यात पद्मजा मगदूम आल्या. जयसिंगपूरच्या, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या. उंच, सावळ्या, दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेल्या. सरांनी त्यांचं कुठलंसं टिपण वाचलं होतं. त्यांचा पहिला मसुदा मुल्लांनी वाचला तेव्हा एका परिच्छेदाला सर म्हणाले, “वा! मुल्ला, तेवढं पुन्हा वाचा.”

पुन्हा वाचा! माझ्या मसुद्यांना सर “ठीक” म्हणत. त्यांचं “ठीक” मिळवायला इनामदारांसारखा माणूस घाम गाळायचा, त्यामुळे मी त्यावर समाधानी होते. “वा” असा शब्द सरांच्या तोंडात आहे हेच मला तोवर माहीत नव्हतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सावरले असते. पण मगदूमबाई जैन, सूर्यास्ताच्या आत जेवायच्या. दिवाळीच्या या बैठकीत पहिल्याच दिवशी सर म्हणाले, “त्यांनी एकटीने का जेवायचं? मीही बसतो.” रात्री नऊच्या आधी ज्यांनी कधी ताटाला हात लावला नाही असे सर, पाच वाजता भाकरी कुस्करत बसलेले मी पाहिले. समोर मगदूमबाई. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले तर सर विचारत होते, “तुमच्या मुलांना हे कळत नाही तेव्हा तुम्ही नेमकं काय म्हणता? शब्द न् शब्द सांगा.” मला पाहून ते म्हणाले, “वासंती, तुला भूक नाही ना आत्ता?” मी म्हटलं, “नाही.” भूक होती.

आणि मला ते ‘तू’ म्हणत, त्यांना ‘तुम्ही’. पूर्वी हे ‘तू’ मला दागिन्यासारखं वाटायचं.

तर मुल्ला वाचत होते. मसुदा एका प्रकरणाचा होता, सारख्या वस्तूंचे गट पाडायचे आणि मग त्या गटांनाच वस्तू मानून त्यांची बेरीज करायची, या विषयावरचा. सगळ्या पुढच्या पुस्तकाचा पाया. गोड लिहिलं होतं, ते मान्य करायला हवं. घर म्हणजे गट. दोन घरांची बेरीज करायची तर प्रत्येक घरातला एक माणूस ओट्यावर बोलवा, त्या दोघांची बेरीज करा, आणि येणारं उत्तर ज्या घरात राहतं ते घर म्हणजे आपलं उत्तर. इनामदार सुपारी कातरत मान डोलवत होते. सर नेहमीप्रमाणे खिडकीत बसले होते, बाहेर पाहत. मगदूमबाई टेबलाच्या टोकाला, हातातली पेन्सिल घट्ट धरून, खाली मान घालून.

आणि मला ती चूक दिसली.

एखादा दात कित्येक दिवस ठणकावा आणि अचानक थांबावा, तसं मला झालं. मुल्लांचं पान संपेपर्यंत मी वाट पाहिली.

“थांबा,” मी म्हटलं. “घरातून एक माणूस बोलवायचा. कुठला?”

“कुठलाही,” मुल्ला कागदात पाहून म्हणाले. “असं लिहिलंय, ‘कोणीही चालेल.’”

“कोणीही कसा चालेल? त्याच घरातल्या दुसऱ्याला बोलावलं तर तेच उत्तर येईल कशावरून?”

इनामदारांचा अडकित्ता थांबला.

मी फळ्यापाशी गेले. “सगळे पूर्णांक घ्या. दोन घरं करा. एका घरात शून्य आणि धन संख्या, दुसऱ्या घरात ऋण. पहिल्या घरातून पाच येऊ दे, दुसऱ्यातून उणे तीन. बेरीज दोन. म्हणजे उत्तर पहिलं घर. आता पाच आजारी आहे म्हणून त्याच्या घरातून एक आला. एक आणि उणे तीन, उणे दोन. उत्तर दुसरं घर. आता खरं उत्तर कुठलं ते ओट्यावर बसून ठरवायचं का?”

“अगदी बरोबर,” इनामदार म्हणाले. “हे तपासायला पाहिजे होतं. गट विशिष्ट प्रकारचे असतील तरच चालतं. एक अट राहिली. घालू की.”

“अट राहिली नाही,” मी म्हटलं. “सगळं प्रकरण त्या ‘कोणीही चालेल’वर उभं आहे. पुढची दोन प्रमेयं खोटी आहेत. आणि ही चूक का झाली? लिहिणाऱ्याला गणित सांगायचं नव्हतं, गप्पा मारायच्या होत्या. बघा, बघा, बघा! काय बघा? दर दोन ओळींनी वाचकाला गुदगुल्या केल्या की तो विचारायचा थांबतो, आणि लिहिणाराही थांबतो. हे गणपुल्यांचं पुस्तक आहे की हळदीकुंकू?”

शेवटचं वाक्य म्हणताना मी टेबलाच्या टोकाकडे पाहिलं नाही. ते इतरांनी पाहावं एवढीच माझी अपेक्षा होती.

“माईणकरबाई, जरा...” मुल्ला मला म्हणाले आणि थांबले. मसुदा कोणाचा हे फक्त त्यांना माहीत असायचं. त्यांचा चेहरा ओढलेला दिसला, आणि तो मगदूमबाईंच्या काळजीने ओढलाय असं मी धरून चालले.

“बोलू द्या,” खिडकीतून सर म्हणाले. “पुढे?”

सरांनीच सांगितल्यावर मी कशाला थांबते! प्रत्येक परिच्छेद घेतला. उदाहरणं उसवली. व्याख्या वाचून दाखवल्या आणि त्यांतलं काय काय सैल आहे ते फळ्यावर लिहिलं. माझं सगळं म्हणणं बरोबर होतं. आजही त्यातला एक शब्द मागे घ्यायला मी तयार नाही. पण इतकं चांगलं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते, आणि ते कशामुळे, हे मला बोलतानाही ठाऊक होतं.

मताच्या आधी चहा झाला. व्हरांड्याच्या टोकाला मगदूमबाई एकट्याच उभ्या होत्या, कपबशी तशीच हातात. खाली दरीत धुकं होतं. मी त्यांच्याजवळ गेले. जिंकलेल्या माणसाला मोठेपणा परवडतो.

“मनाला लावून घेऊ नका हं,” मी हळू आवाजात म्हटलं. “पहिल्या पहिल्यांदा होतं असं. पुढचा मसुदा मिरजेला पाठवायच्या आधी मला दाखवत चला. मी काही कोणाला सांगणार नाही.”

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. 

“बरं, बाई,” त्या म्हणाल्या.

आत मुल्लांनी मतं घेतली. मी, नामंजूर. इनामदार, “नामंजूर, पण वाईट वाटतंय.” मगदूमबाई अगदी बारीक आवाजात, “नामंजूर.” स्वतःच्याच मसुद्याला! मला त्यांची क्षणभर कीव आली. सर म्हणाले, “नामंजूर.” मुल्लांनी स्वतःचं मत नोंदवलं, कागद जुळवले आणि रीतीप्रमाणे विचारलं, “मसुदा कोणाचा?”

सर खिडकीतून उठले. वर्गात पोरं करतात तसा त्यांनी हात वर केला.

“माझा,” ते म्हणाले.

 इनामदारांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि चावायचं विसरले. मी फळ्याकडे पाहत राहिले. फळ्यावर माझ्या अक्षरात ‘सैल’ हा शब्द तीन ठिकाणी होता.

“अरे, तोंडं काय पाडताय?” सर म्हणाले. ते टेबलाशी येऊन बसले. कित्येक वर्षांत ते टेबलाशी बसले नव्हते. “चूक शंभर टक्के खरी आहे. मला दिसली नाही. लिहिण्याच्या नादात दिसली नाही, वासंती म्हणते तेच. आता ऐका. शेवटचा हात कोणाकडे द्यावा, माझा निर्णय होत नव्हता. खरं सांगायचं तर कालपर्यंत माझ्या मनात मगदूमबाई होत्या.”

 हे ते अगदी सहज बोलले.

“पण मला एक भीती होती. मी गेल्यावर तुम्ही एकमेकांना सांभाळून घ्याल. भीड धराल. ज्या दिवशी भीड आली त्या दिवशी गणपुले मेले. आज वासंतीने काय केलं? मी तिला शिकवलंय. माझी ही शेवटची बैठक. ऐकणाऱ्या माणसाला माझं लिखाण ओळखता येत नाही थोडंच? तरीही तिने एक वाक्य शिल्लक ठेवलं नाही. माझ्या मते शेवटचा हात तिचा. मुल्ला, मत घ्या.”

त्यांना वाटलं होतं की मी ओळखलं होतं.

मुल्ला म्हणाले, “मंजूर.” इनामदार म्हणाले, “मंजूर, आणि माझे मसुदे आता देवाच्या हवाली.” राहिल्या मगदूमबाई. त्यांनी सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. त्या खोलीत खरं काय घडलं ते दोनच माणसांना माहीत होतं, मला आणि त्यांना. त्यांनी नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. एकाचा विरोध म्हणजे ठराव पडला.

“मंजूर,” त्या म्हणाल्या. स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

जेवायला सगळे उठले. मी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

“तुम्ही सांगितलं का नाही?”

“काय सांगायचं, बाई?”

“मघाशी मी तुमच्याशी बोलले तेव्हा. मसुदा तुमचा नव्हता. तसं म्हणायचं होतंत.”

“मत व्हायच्या आधी सांगायचं नाही, असा नियम आहे नव्हे का. मुल्ला-इनामदारांचा ढंग तर तुम्हाला ठाऊकच. माझा नाही म्हटलं असतं तर सरांचाच उरला असता.”

“म्हणजे सरांचा आहे हे तुम्हाला माहीत होतं?”

“ऐकल्या ऐकल्या कळलं.” त्या किंचित हसल्या. “मी इतक्यांदा ‘बघा’ म्हणत नाही. आणि ओट्यावर घरातला कोणीही बोलावून चालत नाही, ते आमच्यात लहान पोरालाही कळतं. थोरला असताना धाकटा बोलला तर घरात भांडणं लागतात की.” मग त्या गंभीर झाल्या. “चूक मला तुमच्या आधी दिसली होती, बाई. पेन्सिल हातात धरून बसले होते. पण सरांचं आहे म्हटल्यावर तोंडातनं शब्दच फुटला नाही. तुम्ही बोललात. म्हणून मंजूर म्हटलं.”

“मी का बोलले ते तुम्हाला माहीत आहे.”

“ते माझ्याकडेच राहील,” त्या म्हणाल्या.

त्यांनी हे प्रेमाने म्हटलं असेल. पण मला दुसरंच दिसलं. पुढची सगळी वर्षं. या टेबलाभोवती प्रत्येक दिवाळीत, प्रत्येक मे महिन्यात मी वरच्या खुर्चीत बसेन, त्या समोर बसतील, आणि माझी खुर्ची त्यांनी मला दिलेली असेल. सरांचं “वा” त्यांना मिळालं होतं, सरांची संध्याकाळची वेळ त्यांना मिळाली होती. आता मला जे मिळालं तेही त्यांच्याच ओंजळीतून? त्यांच्यापुढे उपकृत राहण्यापेक्षा सरांच्या मनातून उतरलेलं मला चाललं असतं.

मी भोजनगृहात गेले. ताटं मांडली होती. सर पिठल्यात भाकरी मोडत होते.

“सर, मला एक सांगायचंय. सगळ्यांसमोर.”

“जेवता जेवता सांग.”

“मसुदा तुमचा आहे हे मला माहीत नव्हतं. मगदूमबाईंचा आहे असं समजून मी बोलले. त्यांचा आहे म्हणूनच इतकं बोलले. तुमचा आहे हे कळलं असतं तर माझ्याही तोंडातून शब्द निघाला नसता. तुम्ही ठराव मागे घ्या.”

मुल्लांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मागे दारात मगदूमबाई येऊन उभ्या असल्याचं मला जाणवलं. सर माझ्याकडे बघत राहिले. घास तसाच हातात. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटायला लागलं. मी मान खाली घातली आणि बोलणी खायला तयार झाले.

“मगदूमबाईंचा?” सर म्हणाले. “खरंच? तुला खरंच त्यांचा वाटला?”

मी वर पाहिलं. ते हसत होते. पहिला नंबर आलेल्या पोरासारखे, कानापर्यंत.

“पहिल्यापासून वाटला की मध्येच केव्हातरी?”

“पहिल्या वाक्यापासून, सर.”

“इनामदार, तुम्हाला?”

“मी तर पैज लावली असती,” इनामदार म्हणाले.

“ऐका, ऐका!” सरांनी हातातला घास ताटात ठेवला. “मे महिन्यापासून मी हेच करतोय. वीस वर्षं एका पद्धतीने लिहिलं, आता या वयात दुसरी येते का बघू म्हटलं. कागदांचा ढीग वाया घालवला. मगदूमबाई, या, बसा इथे. वासंतीसारख्या वाचकाला कळलं नाही म्हणजे थोडंफार जमलं म्हणायचं का?”

“जमलं की, सर,” मगदूमबाई म्हणाल्या. “‘बघा’ जरा कमी करा.”

सर मोठ्यांदा हसले. मी अजून उभीच होते.

“आणि ठराव?” मुल्लांनी विचारलं. त्यांना सगळं नोंदवून ठेवायची सवय होती.

“ठरावाचं काय?” सर म्हणाले. “चूक तिने पकडली. कोणाची समजून पकडली याच्याशी गणपुल्यांना काय करायचंय? ठराव राहील. वासंती, बस ना, पिठलं गार होतंय.” आणि ते लगेच मगदूमबाईंकडे वळले. “आता मला सांगा, ते थोरल्याचं आणि धाकट्याचं तुम्ही काय म्हणत होतात मघाशी व्हरांड्यात? जाता जाता तेवढंच कानावर पडलं.”

मी बसले. जेवले. काय जेवले ते आठवत नाही.

दुपारच्या एसटीने सर कोल्हापूरला निघाले. त्यांची पिशवी घेऊन मी स्थानकापर्यंत गेले. तो मान माझा, वर्षानुवर्षांचा. वाटेत ते पुढच्या पुस्तकाबद्दल बोलत होते, कुठलं प्रकरण कोणाला द्यायचं वगैरे. ते प्रकरण, नामंजूर झालेलं, आता मलाच पुन्हा लिहायचं होतं. गाडी लागली होती. ते खिडकीशी बसले, मी खाली उभी राहिले. वाहक अजून चहाच्या टपरीवर होता. विचारायचं नाही असं घोकत आले होते, तरी मी विचारलं.

“सर, माझ्यासारखं लिहून बघावं असं तुम्हाला कधी वाटलं नाही?”

त्यांना प्रश्नच कळला नाही. खरोखर कळला नाही. कपाळाला आठ्या घालून त्यांनी विचार केला.

“तुझ्यासारखं?” ते म्हणाले. “तू माझ्यासारखं लिहितेस, वासंती. हुबेहूब. ते लिहायला मी कशाला शिकू?”

आणि खिडकीतून हात काढून त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं. त्यांच्या मते ते माझं कौतुक होतं. इतक्या वर्षांत त्यांनी केलेलं सगळ्यात मोठं कौतुक. वाहक आला, घंटी वाजली, गाडी वळणाखाली उतरून गेली.

ते प्रकरण मी लिहायला घेतलं. थंडी पडेपर्यंत मी त्याचे चार-पाच खर्डे केले. सगळे बिनचूक होते. कुठेही अट राहिली नव्हती, शब्द सैल नव्हता. आणि प्रत्येक खर्डा वाचताना माझ्या कानात सरांचा आवाज यायचा, शब्दाशब्दाला. त्याआधी तो आवाज ऐकून मला सुख व्हायचं.

जानेवारीतल्या एका शनिवारी मी सांगलीहून जयसिंगपूरची गाडी धरली. महाविद्यालयात चौकशी केली, तर मगदूमबाईंचा अकरावीचा तास सुरू व्हायचा होता. मी वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसले. पोरांनी वळून वळून पाहिलं. मगदूमबाई हजेरीपट घेऊन आत आल्या, माझ्याकडे नजर गेली आणि दारातच थबकल्या.

“बाई, तुम्ही? काही काम होतं का?”

“तास घ्या,” मी म्हटलं. “मी ऐकायला आलेय.”

 त्या पदर सावरून फळ्याकडे वळल्या, खडू उचलला आणि लिहायला लागल्या. फळ्यावरचं त्यांचं अक्षरसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं होतं.